दहावा खडा

१९५६ सालच्या डिसेंबरातल्या एका रविवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, अलिबाग-रेवदंडा रस्त्याजवळच्या एका खासगी कबरस्थानात नऊ माणसांनी एका परडीत नऊ खडे टाकले. परडी उपडी केली तेव्हा खडे दहा निघाले. पुन्हा टाकले. पुन्हा दहाच. दोन्ही वेळा मी तिथं हजर होतो.

भूतखेत हा माझा प्रांत नव्हे. मी मुंबईच्या एका दैनिकात वार्ताहर होतो, आता उपसंपादक आहे. कुणी पाहिलं, किती वाजता, पाहणाऱ्याचं नाव काय... हे तीन प्रश्न विचारले की बहुतेक भुतं पळून जातात, असा माझा अनुभव. या सदरात येणारे अनुभवही मी त्याच नजरेनं वाचत आलो. आज स्वतः लिहायला बसलो आहे, ते भुताबद्दल सांगण्यासाठी नाही. त्या दिवशी मी एक खोटं बोललो होतो. खडे आणि ते खोटं यांना वेगळं करून ही हकिकत सांगता येत नाही.

गावाचं नाव देत नाही. जागा नेमकी सांगतो. रस्ता सोडून समुद्राच्या अंगाला निघालं की आधी आमची नारळ-सुपारीची वाडी लागते. वाडीच्या दक्षिणेच्या गडग्यापलीकडे साधारण दहा गुंठ्यांचा तुकडा आहे. तीन बाजूंना चिरेबंदी गडगा, चौथ्या बाजूला सुरूची झाडं, मधोमध उंडीचं एक जुनं झाड. आत एकाच घराण्याच्या पस्तीस-चाळीस कबरी. घराणं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. गावात त्यांना शनवारतेली म्हणत, कारण घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. हे लोक घरात मराठी बोलत, बायका नऊवारी नेसत, सणाला आमच्याकडे नारळाच्या करंज्या येत आणि आमच्याकडून त्यांच्याकडे सुपारीचे घड जात.

या कबरस्थानाबद्दल गावात एकच गोष्ट सांगितली जाई. तिथून जाताना माणसं मोजू नयेत. मोजली की एक जास्त भरतो.

पुरावे भरपूर होते, गावात असतात तसे. पाच कोळणी पाट्या घेऊन गेल्या आणि बाजारात सहाव्या पाटीला जागा मागणारी कुणीतरी होती म्हणे. एका वऱ्हाडाला त्या रस्त्यानं गेल्यावर एक पत्रावळ कमी पडली. आमच्या वाडीत शिंपण्याला असलेला गोमा, जो कबरीही खणून द्यायचा, या शेवटच्या पुराव्यावर हसायचा. म्हणायचा, "जेवाया एक मानूस वाढला तं त्याला भूत कशाला पायजे? गावात चुलते काय कमी हायत?" पण हाच गोमा नारळ त्या गडग्याजवळून घेऊन जाताना कधी मोजायचा नाही. एस.टी.चा कंडक्टरही उंडीच्या थांब्यावर प्रवासी मोजत नसे. पुढच्या नाक्यावर गाडी थांबवून मोजायचा, आणि कुणी विचारलं तर "इथं सावली चांगली आहे" म्हणायचा.

मला या गोष्टीचं मूळ कळलं ते १९५० च्या श्रावणात. हस्कीलकाकांची बायको रिबकाकाकू गेली, तेव्हा.

हस्कीलकाका म्हणजे त्या घराण्यातले गावात उरलेले शेवटचे पुरुष. दोन मुलगे आदल्या वर्षी इस्राएलला गेले होते. मुलांनी खूप आग्रह केला. काकू म्हणाली, माझ्या सासूची कबर सोडून मी येत नाही. काका म्हणाले, मग मीही नाही. माझे वडील आणि काका एकाच शाळेत, एकाच बाकावर बसलेले. मला त्या घरात वेगळं ताट होतं, आणि काकूच्या हातच्या तांदळाच्या भाकरीची... असो. तो या हकिकतीचा भाग नाही.

त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी एक प्रार्थना म्हणतात. तिला कद्दीश म्हणतात. ती म्हणायला दहा प्रौढ पुरुष हजर लागतात, आणि तेही त्यांच्याच धर्मातले. नऊ असले तर ती म्हणता येत नाही. हे दहा भरले की नाही ते कसं पाहायचं, याची या घराण्याची स्वतःची रीत होती. माणसांना आकडा लावायचा नाही. प्रत्येकानं येताना एक खडा उचलायचा आणि परडीत टाकायचा. मग खडे मोजायचे. सगळं झाल्यावर प्रत्येकानं आपला खडा कबरीवर ठेवायचा आणि घरी जायचं.

गडग्यापलीकडून पाहणाऱ्यांना काय दिसत असेल? काळ्या टोप्यांतली माणसं एकामागून एक पुढं येतात, न बोलता परडीत काहीतरी टाकतात, मग कुणीतरी ते मांडून बघतो. त्यातूनच गोष्ट निघाली असणार. मी तसं काकांना म्हणालोही. नंतर, दिवस झाल्यावर.

त्या श्रावणात खाडीला पूर होता, लाँच बंद होती, पनवेलकडची माणसं अडकली. मी परडीपाशी उभा होतो. परडी पुढं आली तशी मीही एक खडा टाकला. विचार केला नव्हता. खडे दहा भरले. हजान, म्हणजे त्यांचे प्रार्थना सांगणारे गृहस्थ, पुस्तक उघडणार तेवढ्यात काकांनी त्यांचा हात धरला. परडीत बोटं घातली, माझा खडा बरोबर ओळखून बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"हा तुझा, सदू," ते म्हणाले. "तू माझा आहेस. पण या मोजणीत नाहीस."

काकूवर कद्दीश झाली नाही. दुसऱ्या प्रार्थना म्हणून माती लोटली.

तो खडा मी मुंबईला नेला. ऑफिसच्या टेबलाच्या खणात ठेवला. जांभ्याचा, सुपारीएवढा, एका बाजूला चपटा.

नंतर मी जेव्हा जेव्हा गावी जाई, तेव्हा काका एकदा तरी तो विषय काढत. एकदा मी त्यांना धीर द्यावा म्हणून गावातली गोष्ट ऐकवली. म्हटलं, "काका, तुम्हाला कशाला काळजी? कमी पडला तर आतला एक उठून उभा राहतो म्हणतात."

काका जोरात हसले. "अरे, आत आहेत ते सगळे सुटले. शंभर वर्षं घाणा ओढून आता कुठं आडवे झालेत. त्यांना कशाला उठवतोस?" मग हसू थांबलं. "मला जिवंत दहा पाहिजेत, सदू. माझ्यासाठी नव्हे. माझ्यावर म्हणतील तेव्हा रिबकाचंही नाव घेतील. मी हजानांशी बोललोय. तिला नऊच मिळाले."

"मिळतील दहा."

"रेवदंडा, अलिबाग, पनवेल मिळून नऊ होतात. जे आहेत ते बोटांवर आहेत, आणि त्यातलेही दोघे पासपोर्टच्या मागं आहेत. दहावा मुंबईहून आणावा लागेल. तू आण."

मी आणीन म्हणालो. काकांच्या चुलतबहिणीचा मुलगा दाऊद मुंबईत रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होता. मांडवीजवळच्या एका चाळीत राहायचा. मी त्याला जाऊन भेटलो. तो म्हणाला, "मामासाठी केव्हाही. फक्त शनिवारी सूर्य मावळेपर्यंत मी प्रवास करत नाही. बाकी तू दारात उभा राहा, मी चपला घालतो." हे १९५४ साली ठरलं. काकांना मी पत्रानं कळवलं. त्यांनी उलट कार्ड पाठवलं, त्यात एवढंच होतं : बरं झालं.

काका १९५६ च्या डिसेंबरात एका शुक्रवारी संध्याकाळच्या आधी गेले. शनिवार त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी दफन होत नाही. म्हणून रविवार दुपार ठरली. वडिलांची तार मला शनिवारी सकाळी अकरा वाजता ऑफिसात मिळाली. "हस्कील गेले. रविवारी दुपारी. दहावा आण."

वेळ पुरेसा होता, हे मी मुद्दाम लिहितो. सूर्य मावळल्यावर दाऊदच्या चाळीत जायचं, निरोप द्यायचा, रविवारी पहाटे भाऊच्या धक्क्यावर भेटायचं. ऑफिस ते मांडवी, चालत वीस मिनिटं.

त्या संध्याकाळी एका मोठ्या सभेचं वार्तांकन माझ्याकडे होतं. त्या दिवसांत मुंबईत अशा सभा रोज होत होत्या, पण ही पहिल्या पानावर जाणार हे सकाळीच ठरलं होतं. सभा लांबली. मी ऑफिसात येऊन लिहायला बसलो. मुख्य उपसंपादक खुर्चीमागे उभे राहून कागद एकेक करून ओढून घेत होते. मधे एकदा मी घड्याळ पाहिलं. मनात म्हटलं, नऊ तर नक्की येणार. काकांना मानणारी एवढी माणसं, एखादा जास्तीचा येईलच. कुणाचा पाहुणा असेल, जावई असेल. दहा भरतील.

आमच्या धंद्यात खात्री न करता काही छापायचं नाही, असा नियम आहे. तो मी आयुष्यात एकदाच मोडला.

रविवारी पहिल्या लाँचनं रेवसला उतरलो, तिथून एस.टी.नं अलिबाग, तिथून दुसरी गाडी. उंडीच्या थांब्यावर कंडक्टरनं नेहमीसारखे प्रवासी मोजले नाहीत. मी एकटाच उतरलो.

गोमानं खड्डा तयार ठेवला होता. माझ्याकडे आणि माझ्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे त्यानं पाहिलं. "तुझा मानूस?"

मी गडग्याकडे चालू लागलो.

लोक येत गेले. रेवदंड्याचे चार, अलिबागचे तीन, पनवेलचे दोन. हजान रेवदंड्याचेच, त्या चारांत धरलेले. ते माझ्याजवळ आले. साठीचे, बारीक चणीचे, शांत गृहस्थ.

"सदाशिवराव, मुंबईचे दाऊद?"

"ते आले नाहीत," मी म्हणालो.

हे वाक्य अक्षरशः खरं होतं. त्यातून जे समजायचं होतं ते खोटं होतं. दाऊदला बोलावलं गेलं, आणि तो आला नाही, असं हजान समजले. शेजारी वडील उभे होते. तेही तसंच समजले. मी कुणालाच दुरुस्त केलं नाही.

"पोटासाठी राबणारा माणूस," हजान म्हणाले. "रजा नसेल मिळाली." दाऊदला दोष येऊ नये म्हणून त्यांनी हे म्हटलं. मग म्हणाले, "काकूच्या वेळचंच झालं."

काकांना खाली उतरवलं. माती लोटली. रीत म्हणून परडी फिरली. बांबूची, हातभर रुंदीची, काकांच्याच घरातली. हजानांनी पहिला खडा टाकला, मग एकेक जण. मी, वडील आणि गोमा आठ-दहा पावलांवर गडग्याला टेकून होतो. या वेळी माझे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.

हजानांनी परडी एका पांढऱ्या पंच्यावर उपडी केली आणि खडे ओळीनं मांडले. मांडताना त्यांचा हात शेवटी थांबला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"सदाशिवराव, आपला खडा काढून घ्या. मागेही असं झालं होतं."

"मी टाकला नाही."

"रागावत नाही मी. मायेनं टाकला असाल."

"हजानसाहेब, मी इथून हललो नाही."

वडील म्हणाले, "तो माझ्याजवळच आहे." गोमानं न विचारताच आपले दोन्ही पंजे उघडून दाखवले. मातीनं भरलेले होते.

मी पुढं जाऊन पाहिलं. खडे दहा होते. आठ रस्त्याच्या खडीतले काळे, एक जांभ्याचा. दहावा पांढरा, समुद्रात झिजून गुळगुळीत झालेला, कबुतराच्या अंड्याएवढा. आमची पुळण काळ्या वाळूची आहे. तसे गोटे तिथं सापडत नाहीत असं मी म्हणणार नाही. क्वचित सापडतात.

हजानांनी प्रत्येकाला आपापला खडा उचलायला सांगितलं. नऊ जणांनी उचलले. पांढरा तेवढा पंच्यावर राहिला. तो त्यांनी उचलला, बोटांत फिरवून पाहिला, आणि गडग्यावरून आमच्या वाडीत टाकला. तो पोफळीच्या पानांवर पडल्याचा आवाज मी ऐकला. मग परडी उलटी करून झटकली, आतून हात फिरवला. "आपण तिघं बाहेर थांबा," आम्हाला म्हणाले. आम्ही गडग्याबाहेर गेलो. गडगा छातीएवढा उंच, आतलं सगळं दिसत होतं. ऊन स्वच्छ होतं.

परडी फिरली. पंच्यावर उपडी झाली. हजान मांडू लागले आणि शेवटच्या खड्याशी थांबले. पनवेलचे एक गृहस्थ, पोस्टातले कारकून, मोठ्यानं म्हणाले, "हे काय आहे?"

पांढरा खडा ओळीत शेवटी होता.

मग मी ते केलं जे तिथं कुणी करत नाही. मी माणसं मोजली. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. नऊ. वही काढून नऊ नावं लिहिली. ती वही आजही माझ्याकडे आहे.

"मोजू नको रं," गोमा माझ्या कोपराला धरून हळूच म्हणाला. "न्हाय मोजायचं."

आतले सगळे पंच्याभोवती जमले. शेवटी पोस्टातल्या गृहस्थांनी विचारलं, "हजानसाहेब, आता काय करायचं? आपण नऊच आहोत."

हजान म्हणाले, "आपण किती आहोत हे बघायचं नसतं. खडे बघायचे असतात. खडे दहा आहेत."

त्यांनी पुस्तक उघडलं. हस्कीलकाकांचं नाव घेतलं, त्यांच्या वडिलांचं घेतलं. मग रिबकाकाकूचं नाव घेतलं. कद्दीश झाली. पोस्टातले गृहस्थ सुरुवातीला गप्प होते, नंतर तेही म्हणू लागले. शेवटी सगळ्यांनी एका आवाजात आमेन म्हटलं. त्यात किती आवाज होते ते मला सांगता येत नाही. वडिलांनी टोपी काढून हातात धरली होती.

नऊ जणांनी आपापले खडे काकांच्या कबरीवर ठेवले. हजानांनी परडी उंडीच्या फांदीला अडकवली. ती रिकामी होती. पांढरा खडा कुणी घेतला हे त्या वेळी कुणाच्याच लक्षात आलं नाही. सगळ्यांना पाचची गाडी गाठायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी आणि गोमा पुन्हा गेलो. काकांच्या कबरीवर नऊ खडे होते. पांढरा शेजारी, रिबकाकाकूच्या कबरीवर होता. डोक्याकडच्या दगडावर, मधोमध.

"तू ठेवलास?" मी विचारलं.

"मी कशाला ठेवीन? मी तुझ्यासंगंच पाचच्या मोटारीवर आलतो ना लोकांस्नी सोडाया." त्यानं डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. "सदूभाऊ, एक विचारू? तो मुंबईवाला खरंच नाय बोलला का?"

त्याला मी खरं सांगितलं. तो पहिला. ऐकून गोमा एवढंच म्हणाला, "मंग जे आलं त्यांस्नी लई लांबनं यावं लागलं आसंल." आणि कामाला गेला.

मुंबईला पोचल्यावर पहिल्यांदा टेबलाचा खण उघडला. माझा जांभ्याचा खडा जागेवर होता. तशी शंका कुणाला येऊ नये म्हणून लिहितो.

संध्याकाळी दाऊदकडे गेलो. तो नुकताच कामावरून आला होता, हाताला तेलाचा वास होता. मी सगळं सांगितलं, काही वगळलं नाही.

"शनिवारी संध्याकाळी मी घरीच होतो," तो शेवटी म्हणाला. "खाली दुकानात बसून सोडा प्यालो. नऊ वाजेपर्यंत."

"चूक झाली, दाऊद."

"तुझी बातमी आली का छापून?"

"आली."

"कितव्या पानावर?"

"पहिल्या."

"चांगलं झालं," दाऊद म्हणाला. त्याच्या बायकोनं चहा आणला होता. त्यानं माझा कप माझ्याकडे सरकवला. "आणि मी आलो नाही असं तू सगळ्यांना सांगितलंस."

मी त्याच आठवड्यात हजानांना पत्र लिहून खरी गोष्ट कळवली. त्यांचं उत्तर आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते मुलाकडे इस्राएलला गेल्याचं कळलं. पत्र त्यांना मिळालं की नाही, याची खात्री मला करता आली नाही. वडिलांना मी समोर बसून सांगितलं. त्यांनी त्यानंतर माझ्याजवळ हस्कीलकाकांचा विषय काढला नाही. १९६१ साली तेही गेले.

खुलासे मी सगळे तपासून पाहिले आहेत. नऊपैकी कुणीतरी हातचलाखीनं दोन टाकले असतील. पण ती सगळी धर्म पाळणारी माणसं होती, आणि खोट्या दहांवर कद्दीश म्हणणं त्यांच्या लेखी पाप. हजानांनी दया म्हणून केलं असेल, असंही वाटून गेलं. मग त्यांनी पहिल्यांदा तो खडा फेकला कशाला? पोफळीच्या पानांवर पडलेला मी ऐकला, तिथं मी आणि गोमानं दोन दिवस शोधलं. दुसरा पांढरा खडा सापडला नाही. यापलीकडे माझ्याकडे काही नाही.

दाऊद १९६३ साली बायकामुलांसह इस्राएलला गेला. बोटीच्या आधी आठ दिवस तो माझ्या ऑफिसात आला आणि म्हणाला, "चल, या रविवारी मला मामाकडे ने. तुला वेळ असेल तर." आम्ही रविवारी पहिल्या लाँचनं गेलो. कबरस्थानात गवत वाढलं होतं. उंडीला परडी नव्हती. त्यानं येताना रस्त्यावरून उचललेला खडा काकांच्या कबरीवर ठेवला. मग खाली बसून त्यानं ओळीनं बोट फिरवलं. आकडा तोंडानं उच्चारला नाही.

काकांच्या कबरीवर दहा खडे होते. काकूच्या कबरीवर पांढरा एक. माझा मुंबईत, खणात होता. अजून तिथंच आहे.